कानांना विसावा देणाऱ्या जागा

कोजागिरी झाली की आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात काकडा सुरू होतो, तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. पहाटे साडेचारला मी पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी पडली तर घुमत नाही. चिमूटभर काढायची, थाप मारायची, पुन्हा ऐकायचं. त्यासाठी कान ताजा लागतो. वर्षभर सप्ते, मिरवणुका आणि भोंगे यांनी तो शिणून जातो. मग मी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चार ठरलेल्या जागा गाठतो.

पहिली लोणार. उल्केच्या आघातानं बेसाल्टच्या कातळात पडलेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. २०२० साली इथल्या सरोवराची रामसर पाणथळींच्या यादीत नोंद झाली. गोमुखाच्या धारेपासून पायवाट खाली उतरते. आधी धारेचा आवाज सोबतीला असतो, मग तोही मागे राहतो. चहूबाजूंनी कडा उभा असल्यामुळे एसटीचे हॉर्न वरच्यावर विरून जातात. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ बसलं की एखादा मोर ओरडतो आणि त्या आवाजाचं शेपूट कितीतरी वेळ ऐकू येत राहतं. मी तिथे वाद्य नेत नाही. नुसता बसतो.

लोणारहून तासाभराच्या आत मेहकर येतं. इथे कंचनीचा महाल आहे. कंचनी नर्तकी होती आणि लोणारच्या देवीचा दिवा आपल्या महालावरून दिसावा, हा तिचा ध्यास होता, अशी आख्यायिका आजही सांगतात. याच मेहकरात ना. घ. देशपांडे यांनी वकिली केली आणि कविता लिहिली. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि १९३२ साली तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताची वाट तिथून मोकळी झाली, असं मानतात. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि तेवढ्यात रानातली एक शीळ घरोघरी पोचली. संध्याकाळी पैनगंगेकाठी बसलो की गुराख्यांच्या हाका आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा कानावर येतात. ना. घं.ना कवितेचा कान कुठे लाभला असेल, हे मग वेगळं विचारावं लागत नाही.

तिसरी जागा बोथ्याचं जंगल. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. या अभयारण्याचं क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस भटकून २०१९ च्या अखेरीस इथेच विसावला होता. सागाचं वाळलेलं पान जमिनीवर पडतं, त्याचासुद्धा इथे आवाज होतो. इतका बारीक आवाज टिपला की दुसऱ्या दिवशी पखवाजाची शाई कुठे उडाली आहे, हे बोटांआधी कानाला कळतं.

चौथी जागा म्हणजे खामगाव ते शेगाव हा रस्ता, पण श्रावणातला. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं तिच्यासोबत पायी चालतात. टाळ आधी दुरून पावसासारखे ऐकू येतात. दिंडी जवळ आली की त्यातून पखवाज वेगळा होतो आणि पावलं आपोआप ठेक्यात पडतात. लोणारला शांततेत जे सापडतं, ते इथे गर्दीतही हरवत नाही.

काही वर्षांपूर्वी काकड्याच्या ऐन मध्यावर वीज गेली. भोंगा बंद पडला. क्षणभर सगळे थबकले, मग एका आजींनी पुढचा चरण उचलला. कणकेच्या पुडीचा खर्ज भिंतीला लागून परत येत होता, मागे बसलेल्या बायांचा सूर पहिल्यांदा पुढपर्यंत पोचत होता. वीज आली तेव्हा भोंग्याचं बटण दाबायला कुणी उठलं नाही. तेव्हापासून आमचा काकडा भोंग्याशिवाय होतो. पहाटे येऊन बसा, माझ्या कानाची पाचवी जागा तीच आहे.