परदेशी वैद्यकीय सेवाभेट : स्वरूप, नियम आणि आपली अपेक्षा



अहवाल वर्षात आपल्या एका जुन्या देणगीदारांचे पत्र कार्यालयास आले. त्यांचा नातू अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेत असून तेथील चर्चच्या वतीने निघणाऱ्या पथकाबरोबर नाताळच्या सुटीत दहा-बारा दिवस परदेशी सेवेसाठी जातो. हे पथक पेण व रोहा तालुक्यांतील आदिवासी वाड्यांसाठी आपल्या रुग्णालयात आणता येईल काय, अशी त्यांची विचारणा होती. "परदेशी डॉक्टरांचे शिबिर कधी?" असे रुग्णांचे नातेवाईकही अधूनमधून विचारतात. विश्वस्त मंडळाने या पत्रावर सविस्तर विचार केला. त्या विचारामागील कारणे सर्वांस कळावीत, या हेतूने हे टिपण सादर करीत आहे.

सेवाभेटीचे स्वरूप

ख्रिस्ती संस्थांच्या अशा पथकांत डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका व औषधनिर्माते असतात. नोंदणी, सामानाची ने-आण यांसारख्या कामांसाठी वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वयंसेवकही येतात. हे सर्वजण आपली रजा खर्ची घालतात, मानधन घेत नाहीत आणि प्रवासखर्च बहुधा स्वतः करतात किंवा आपल्या मंडळीतून वर्गणीने जमवितात. यामागील सेवाभावाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि सर्व सेवाभेटी सारख्या नसतात. १९७८ साली स्थापन झालेली 'मर्सी शिप्स' ही ख्रिस्ती संस्था जहाजावर रुग्णालय चालविते. तेथील स्वयंसेवक आपला खर्च आपणच सोसतात. परंतु ते जहाज एकाच बंदरात अनेक महिने मुक्काम करते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची देखभालही तेथेच होऊ शकते. आठवडाभराच्या फिरत्या शिबिरास ही सोय नसते.

महाराष्ट्राचा अनुभव

ख्रिस्ती वैद्यकीय सेवा महाराष्ट्रास नवी नाही. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ साली त्यांनी तेथे वैद्यकीय विद्यालय सुरू केले. एकट्या परदेशी शल्यविशारदाचे हात कितीही कुशल असले तरी अपुरे पडणार, हे ओळखून त्यांनी येथील तरुणांस शिकविले. १९२८ पर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, ते या देशात राहिले. वानलेसवाडी हे गावाचे नाव त्यांची आठवण आजही देते.

दुसरे उदाहरण अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा अल्पशिक्षित किंवा निरक्षर महिलांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे अनेक देशांतील लोक जामखेडला येऊ लागले, ते प्रामुख्याने या महिलांकडून शिकण्यासाठी. परदेशी पाहुणा विद्यार्थी होऊन आला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या परिसरातील जमाखर्च

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने प्रत्येक उपक्रमाच्या दोन बाजू मांडून पाहण्याची सवय आहे. सेवाभेटीच्या जमेच्या बाजूस तपासण्या, शस्त्रक्रिया, नवे तंत्र आणि कधी उपकरणे येतात. खर्चाच्या बाजूस पथकाची निवासव्यवस्था, दुभाषे, आपल्या परिचारिकांचा वेळ आणि पथक परतल्यानंतरची संपूर्ण देखभाल येते. ही शेवटची रक्कम बहुधा कोणीच मांडत नाही.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेरील एका संस्थेने आणलेले परदेशी पथक एका वाडीवर येऊन गेले. त्यानंतर काही महिन्यांनी तेथील एक वृद्ध कातकरी गृहस्थ पक्षाघाताचा झटका आल्याने आपल्याकडे दाखल झाले. त्यांच्या मुलाने जपून ठेवलेले गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखविले. त्यावरील परदेशी नाव येथील औषध दुकानदारास ठाऊक नव्हते आणि सोबत तपासणीचा कागदही नव्हता. त्या गोळ्या रक्तदाबाच्या असल्याचे आपल्या डॉक्टरांनी शोधून काढले. गोळ्या संपल्या तेव्हा आजारही संपला, असे घरच्यांनी समजून घेतले होते. झटका या खंडामुळेच आला असे डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. परंतु रक्तदाबाचे औषध दीर्घकाळ घ्यावयाचे असते, हे त्या कुटुंबास त्यांच्या भाषेत कोणी सांगितले नव्हते, हे खरे.

दुसरा प्रश्न हंगामाचा. पाश्चात्त्य पथकांस नाताळची सुटी सोयीची असते. आपल्याकडील अनेक कातकरी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर स्थलांतर करतात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ज्यांच्यासाठी शिबिर भरवावयाचे, तीच माणसे त्या दिवसांत वाडीवर नसतात.

कायदेशीर बाबी

व्हिसा मिळाला म्हणजे उपचार करण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. परदेशी डॉक्टरास येथे रुग्णसेवा करावयाची असल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या व्यवस्थेनुसार तात्पुरती नोंदणी आवश्यक असते. वितरणासाठी औषधे आणावयाची झाल्यास औषधविषयक कायद्यातील आयातीचे नियम लागू होतात.

आर्थिक साहाय्यास परकीय अंशदान विनियमन अधिनियम, २०१० लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनुसार अशी रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील विहित खात्यातच प्रथम स्वीकारावी लागते आणि प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी या व्याख्येत येत नाही. परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्ताची देणगी मात्र येते. यास्तव परदेशातून रक्कम अथवा उपकरण पाठविण्यापूर्वी कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा.

मंडळाचा निर्णय

सर्व बाजूंचा विचार करून मंडळाने पुढील धोरण स्वीकारले आहे. पथकाने आपल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली काम करावे. येथे मिळणारीच औषधे द्यावीत आणि प्रत्येक रुग्णाचा कागद मराठीत त्याच्या हाती असावा. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी नंतरच्या देखभालीची तरतूद आधी करावी. भेटीचा काही वेळ आपल्या परिचारिकांच्या प्रशिक्षणास द्यावा. उपचाराचा संबंध कोणत्याही धर्माच्या प्रार्थनेशी अथवा प्रचाराशी जोडला जाऊ नये. ज्याने-त्याने आपली श्रद्धा आपल्या मनात बाळगावी, रुग्णाने मात्र केवळ रुग्ण म्हणूनच ओळखले जावे.

या धोरणानुसार देणगीदारांस उत्तर पाठविले. दहा दिवसांसाठी दहा जण येण्याऐवजी त्यांच्या नातवाने एकट्याने पावसाळ्यात दोन महिने यावे, असे आम्ही सुचविले. तो अद्याप विद्यार्थी असल्याने उपचार करू शकणार नाही. परंतु आजीकडून शिकलेल्या मराठीत तो रुग्णांशी बोलू शकेल, नोंदी ठेवू शकेल आणि आपल्या परिचारिकांबरोबर वाड्यांवर जाऊन रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही, हे पाहू शकेल. असे उत्तर त्यांस रुचेल की नाही, याची आम्हांस धाकधूक होती.

महिन्याभराने त्याचे स्वतःचे पत्र आले. अक्षर थोडे अडखळते, पण मराठीत. आवश्यक त्या परवानगीसह येत्या पावसाळ्यात येण्याची तयारी त्याने कळविली असून, वाड्यांवर जाताना पादत्राणे कोणती आणावीत, अशी विचारणा केली आहे.

 वर्षभर वाड्यांवर जाणाऱ्या आपल्या परिचारिकांचे वेतन देणग्यांतून निघते. पाहुणा येऊन गेल्यावर त्याचे काम पुढे चालते, ते आपणां सर्वांच्या साहाय्यामुळे.