संक्रांतीचे वाण आणि दानाचा हिशेब

सूर्यनारायणाने मकर राशीत प्रवेश केला की आपल्या घराघरांत दानधर्मास भरते येते. तीळ, गूळ, वस्त्र, घोंगडी. ज्याची जशी ऐपत. अलीकडे त्यात एका नव्या रीतीची भर पडली आहे. अंध-अपंगांच्या संस्थांतून हळदीकुंकवाचे वाण विकत घ्यावयाचे. मागे कीर्तन आटोपल्यावर एका माउलींनी आम्हांस विचारले, "बुवा, यंदा करंडे अशा संस्थेतूनच घेतले. आता निराळे दान केले नाही तर चालेल ना?"

प्रश्न साधा, परंतु शास्त्रकारांनी दानाचा विचार फार बारकाईने केला आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या तेराव्या शतकातील 'चतुर्वर्गचिंतामणी'त दानखंड हा स्वतंत्र खंडच आहे. वस्तूवरील आपले स्वामित्व सोडून ते दुसऱ्याचे करून देणे, याचे नाव दान. येथे रुपये गेले आणि करंडा घरी आला. तो क्रय झाला. गीतेच्या सतराव्या अध्यायातही, ज्याच्याकडून फेडीची अपेक्षा नाही अशास दिलेले तेच दान सात्त्विक मानले आहे. (प्राप्तिकर खातेसुद्धा पावती देणगीचीच मागते, करंड्याची नव्हे!)

मग ती खरेदी हलकी काय? मुळीच नव्हे. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले. कुष्ठमुक्तांनी भिक्षेवर नव्हे, श्रमावर जगावे, हा बाबांचा कटाक्ष. तेथील हातमागावरच्या चादरीचे पैसे दानात धरणे, हा त्या विणकराचा उपमर्द होय. ते त्याच्या कष्टांचे मोल आहे. परंतु ज्याचे हातच चालत नाहीत, जो अंथरुणास खिळला आहे, त्याच्याकडून आपण काय विकत घेणार? त्याच्यासाठी दानच हवे.

आमचीच गोष्ट सांगतो. एके वर्षी भोगीच्या सकाळी कुंभारणीशी घासाघीस करून आम्ही सुगडांच्या किमतीत पाच रुपये कमी करून घेतले आणि दुपारी तेच पाच रुपये देवाच्या पेटीत टाकून मोठ्या समाधानाने घरी आलो. सहधर्मचारिणीने एवढेच विचारले, "ते पाच रुपये होते कुणाचे?" आम्हांस उत्तर सुचेना, आणि त्याच रात्री पूर्वरंगात दानाचे निरूपण करावयाचे होते!

त्या माउलींस आम्ही म्हटले, "वाण तेथूनच घ्या, सांगतील ती किंमत द्या, दान मात्र निराळे काढा."

"म्हणजे बुवा, खर्च दुप्पट झाला की!"

"मग दहा करंडे कमी घ्या."