जुन्या पत्र्याची पारख

मागे येणाऱ्या एखाद्या टेम्पोने आपल्या मोटारीचा दरवाजा चेपला आणि गॅरेजातील मिस्त्रींनी ‘हा आता ठोकून सरळ व्हायचा नाही’ असा निर्वाळा दिला, म्हणजे मालकापुढे तीन वाटा उरतात: कंपनीकडून नवा दरवाजा मागवावा, बाजारात ‘डुप्लिकेट’ म्हणून मिळणारी नवी नक्कल घ्यावी, किंवा भंगारात निघालेल्या त्याच जातीच्या मोटारीचा जुना दरवाजा शोधून आणावा. यांपैकी तिसऱ्या वाटेकडे पुष्कळ गृहस्थ काहीशा संकोचाने पाहतात. माझ्या मते मात्र, जिचे उत्पादन बंद पडले आहे अशा मोटारीसाठी हीच वाट बहुधा सर्वांत चांगली असते, कारण जुना असला तरी तो पत्रा मूळ कारखान्याच्या साच्यातून दाबून निघालेला असतो, आणि नकलेत जी वळणे जवळपास साधलेली असतात ती त्यात तंतोतंत उतरलेली असतात.

परंतु ‘त्याच जातीची’ या शब्दांतच सारी मेख आहे. मारुती ८०० हे नाव १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, एकच राहिले. त्या नावाखालचे अंग मात्र तसेच राहिले नाही. १९८६ मध्ये सबंध बॉडीच बदलली, आणि १९९७ मध्ये दर्शनी भागाला गोलाई आली. माझी गाडी १९९८ ची. तिच्यासाठी मी एकदा एकट्यानेच जाऊन बोनेट आणले. दुकानदाराने ‘एट हंड्रेडचंच आहे’ असे छातीठोकपणे सांगितले आणि मीही रंग जुळल्याच्या आनंदात साल विचारले नाही. गॅरेजात ते ठेवून पाहिले तेव्हा त्याची पुढची कड दिव्यांच्या वळणाशी काही केल्या मिळेना. ते १९९७ पूर्वीचे होते. तेव्हापासून मी आर. सी. बुकातील उत्पादनाचा महिना आणि साल टिपून घेतल्याशिवाय बाजारात पाऊल टाकत नाही. आणि तेथेही नोंदणीच्या तारखेवर भिस्त ठेवत नाही, कारण डिसेंबरात कारखान्याबाहेर पडलेली गाडी नव्या वर्षी नोंदली जाणे ही नित्याची गोष्ट आहे.

याच्या उलट प्रकारही घडतो. मारुतीची बलेनो आणि २०१९ मध्ये आलेली टोयोटाची पहिली ग्लान्झा या नावाने भिन्न, पण अंगाने जवळजवळ एकच. म्हणून एकीचा दरवाजा दुसरीला चालण्यात नवल नाही. तरीही आरशाची बैठक, काचेची मोटर आणि वायरिंगचा प्लग हे तिन्ही जुळतात याची खातरजमा आधी करावी, कारण पत्रा बसूनही काच न चढल्याने दरवाजा परत नेलेले लोक मी पाहिले आहेत.

बोनेट, डिकीचे झाकण, दरवाजे आणि बहुतेक गाड्यांतील पुढची मडगार्डे बोल्टांनी बसवलेली असतात. ती खुशाल जुनी घ्यावीत. छत आणि मागच्या चाकांवरचा पत्रा मात्र सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेला असतो, तो कापूनच आणावा लागतो आणि कापूनच बसवावा लागतो. तेथे गाडीच्या मजबुतीचाच प्रश्न असल्याने अत्यंत कसलेल्या कारागिराखेरीज त्या फंदात पडू नये.

माझ्या गाडीच्या दरवाज्यासाठी मी आमच्या मिस्त्रींना घेऊन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. ज्या कुर्ल्यात एके काळी प्रीमियर पद्मिनी तयार होत, त्याच कुर्ल्यात आता सुटे झालेले दरवाजे पुस्तकांसारखे उभे रचून ठेवलेले दिसतात. मी एका लखलखीत दरवाज्याकडे वळलो, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “साहेब, तोंड बघू नका, पाठ बघा.” त्यांनी दरवाजा उलटा केला, खालच्या कडेच्या दुमडीवरून अंगठा फिरवला, पाणी निचरण्याच्या भोकांत तार घालून चिखल बाहेर काढला आणि त्याबरोबर आलेला गंजाचा लाल चुरा तळहातावर मला दाखवला. मग रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक ते पत्र्यावरून सरकवू लागले. मधोमध ते सुटून खाली आले. तेथे रंगाखाली लांबीचा जाड थर होता, म्हणजे तो दरवाजा एकदा ठोकलेला होता. आम्ही घेतला तो शेजारचा निळा: रंग उडालेला, पण दुमड शाबूत आणि बिजागरीच्या बोल्टांवरचा मूळ रंग न दुखावलेला.

मी पावतीचा आग्रह धरला आणि तिच्यावर ज्या गाडीचा तो दरवाजा तिचा चासी नंबर लिहून घेतला. सुट्या दरवाज्यावर तो नंबर नसतो, आणि म्हणूनच चोरीच्या गाड्या तोडून विकणाऱ्यांचे फावते. मीरतच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये पोलिसांची टाच आली ती याच व्यवहारामुळे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. शिवाय तो स्वस्त दरवाजा कोणाच्या तरी दारातून नाहीशा झालेल्या गाडीचा असेल, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

गॅरेजात मिस्त्रींनी तो दरवाजा रंग न देताच टांगला. पुढच्या मडगार्डाशी फट वर रुंद आणि खाली निरुंद दिसत होती; बिजागरीचे बोल्ट ढिले करून, दरवाजा खांद्याने किंचित उचलून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत सारखी केली. मग काच वर घेऊन दहा मिनिटे त्यावर पाण्याचा पाइप धरला. आतली गादी आणि पायाखालची चटई हाताने चाचपून पाहिली, दोन्ही कोरडी निघाली, तेव्हा कोठे त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.