मातीच्या सैन्याचे गणवेश

आश्विन महिना सरू लागला, म्हणजे पनवेल आणि आसपासच्या गावांतील मुलांना किल्ल्यांचे वेध लागतात. पाऊस ओसरलेला असतो, सहामाही परीक्षा आटोपलेली असते आणि अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यात दगड, विटा, गोणपाट व लाल माती जमू लागते. पनवेलच्या मुलांना किल्ल्याचा नमुना पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका उभा आहे, तर पूर्वेस प्रबळगडाचे विस्तीर्ण पठार दिसते. माती लिंपून तीत हळीव किंवा मोहरी पेरली, की थोड्याच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मग त्यावर सैन्य येते. हे सैनिक कोणी बाजारातून आणतात, तर कोणी शाडूच्या मातीचे घरीच घडवतात.

गडावरील छत्रपती शिवाजी महाराज आणि त्यांचे मावळे परंपरागत वेषातच शोभतात. परंतु गडाच्या पायथ्याशी जी सपाट जागा उरते, तेथे दोन निराळ्या फौजा मांडून लढाईचा खेळ खेळता येतो. फासा टाकावा, पडलेल्या दानाप्रमाणे फूटपट्टीने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवावेत, असे त्याचे साधे नियम असतात. या फौजांना आपल्या आवडत्या क्रिकेट संघाचे किंवा शाळेतील क्रीडागटांचे रंग द्यावेत, ही कल्पना मुलांना सहज सुचते. सैनिकाला खेळाडूचा पोशाख, ही गोष्ट प्रथम विसंगत वाटते. पण रंगीत गणवेशाचा इतिहास पाहिला, म्हणजे या दोघांचे नाते किती जवळचे आहे ते कळून येते.

पूर्वीच्या काळी तोफा आणि बंदुका काळ्या दारूने उडत असत. चार फैरी झडल्या, की रणांगण दाट धुराने भरून जाई. त्या धुरात आपला कोण आणि परका कोण हे ओळखणे सेनापतीला अवघड होई. म्हणून युरोपातील राजांनी आपापल्या सैन्याला भडक रंगाचे पोशाख दिले. इंग्रजांच्या पायदळाचे लाल डगले सर्वश्रुत आहेत. तेथे रंग केवळ शोभेसाठी नव्हता. ती ओळखीची खूण होती.

पुढे हीच खूण घातक ठरू लागली. बंदुका दूरवर आणि अचूक मारा करू लागल्या. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराच्या दारूचा शोध लागला आणि रणांगणावरील धुराचा पडदा नाहीसा होऊ लागला. आता भडक पोशाखाचा सैनिक दुरूनच नेमबाजाच्या दृष्टीस पडे. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या ‘गाइड्स’ नावाच्या पलटणीने आरंभीच्या काळातच धुळीच्या रंगाचा पोशाख स्वीकारला होता. ‘खाक’ म्हणजे धूळ. त्यावरून ‘खाकी’ हा शब्द आला. तरीही जुना अभिमान लवकर सुटत नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा फ्रान्सचे पायदळ तांबड्या विजारी घालूनच लढावयास निघाले. त्याची किंमत सैनिकांना प्राणांनी मोजावी लागली. १९१५ साली त्यांना फिकट निळसर गणवेश देण्यात आला. अशा रीतीने सैनिकाने रंग टाकला आणि तो मातीत मिसळून जाऊ लागला.

क्रीडांगणावर मात भडक रंगाचे राज्य कायम राहिले. कारण तेथे प्रतिपक्षाच्या दृष्टीस पडण्यात कसलाच धोका नाही. उलट, न ओळखले जाण्यातच घोटाळा आहे. १९७८ सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत एक मौजेचा प्रसंग घडला. अर्जेंटिनातील मार देल प्लाता या शहरात फ्रान्स आणि हंगेरी यांचा सामना होता. दोन्ही संघ पांढरे सदरे घेऊन मैदानात आले! अखेरीस तेथील एका स्थानिक संघाचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे मागवून ते फ्रान्सच्या खेळाडूंना देण्यात आले आणि सामना उशिरा सुरू झाला. क्रिकेटमध्ये अनेक वर्षे दोन्ही संघ पांढऱ्याच पोशाखात खेळत. १९९२ सालापासून क्रिकेटच्या विश्वचषक स्पर्धेतही रंगीत गणवेश आले.

या प्रसंगांतून मातीच्या सैन्यासाठी पहिला नियम मिळतो. दोन फौजांचे रंग केवळ वेगळे असून भागत नाही. एक रंग गडद आणि दुसरा फिका असावा. भारताचा निळा आणि ऑस्ट्रेलियाचा पिवळा ही जोडी म्हणूनच उत्तम दिसते. गडद लाल आणि गडद हिरवा ही जोडी सायंकाळच्या पणत्यांच्या उजेडात सारखीच भासते. शिवाय काही मुलांच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा यांतील भेद जन्मतःच नीट कळत नाही. खेळगड्याला आपली फौज ओळखता आली नाही, तर त्या खेळात त्याला रस कसा वाटावा? रंग निवडताना सर्वांना विचारावे, हे बरे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. घडवलेले सैनिक सावलीत वाळवावेत. कडक उन्हात माती भराभर आकसते आणि तिला तडे जातात. वाळल्यावर पॉलिश पेपरने हलकेच घासून सर्वांगावर पांढरा रंग द्यावा. कोरडी माती रंग शोषून घेते आणि तिचा मूळ रंग वरच्या रंगाला मळकट करतो. पिवळ्यासारखा पातळ रंग तर पांढऱ्या थरावाचून उजळतच नाही.

त्यानंतर अंगरख्याला संघाचा मुख्य रंग द्यावा आणि पागोटे व कमरबंद यांना दुसरा. याहून अधिक रंग वापरण्याचा मोह आवरावा. बोटभर उंचीच्या बाहुलीवर पाच-सहा रंग आले, तर दुरून नुसता गोंधळ दिसतो. दोनच रंग, पण प्रत्येक सैनिकावर नेमक्या त्याच जागी असले, म्हणजे पन्नास सैनिकांची एक फौज दिसते.

यापुढची पायरी विशेष कौशल्याची आहे. माणसाच्या अंगरख्याच्या चुण्यांत खरी सावली पडते. बोटभर बाहुलीच्या चुण्या इतक्या उथळ असतात, की त्यांतील सावली डोळ्यांना जाणवतच नाही. म्हणून ती सावली रंगवावी लागते. तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवून सैनिकावरून फिरवला, की तो आपोआप खोलगट भागांत उतरतो. सुकल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग उंचवट्यांवर नुसता टेकवत न्यावा. इतक्याने सपाट बाहुलीला उठाव येतो. मात्र खालचा थर पोस्टर कलरचा असेल, तर तो पाण्याने पुन्हा विरघळतो. ॲक्रिलिक रंग एकदा सुकल्यावर विरघळत नाही. डोळे आणि मिशा सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने काढाव्यात.

मोठ्या माणसांनीही अशा फौजा मांडल्या आहेत. १८२४ साली प्रशियातील राइस्वित्स नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर लाल आणि निळे ठोकळे सरकवून युद्धाचा अभ्यास करण्याची पद्धत सिद्ध केली. १९१३ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. खऱ्या युद्धापेक्षा हे लहानसे युद्ध किती चांगले, हा विचार त्यांनी त्यात आवर्जून मांडला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि लक्षावधी माणसे प्राणास मुकली.

मातीचा सैनिक पडला, तर त्याला उचलून पुन्हा उभे करता येते. संघांच्या रंगांत रंगलेल्या फौजांत शत्रू असा कोणी नसतो. असतो तो प्रतिस्पर्धी, आणि तोच उद्या शाळेच्या मैदानावर खो-खोत आपल्या बाजूने धावतो. जो भडक रंग खऱ्या सैनिकाला प्राणभयाने टाकावा लागला, तो मातीच्या सैनिकाने दिमाखाने मिरवावा. त्याच्यावर नेम धरणारे कोणीही नाही.