घर घेण्याआधी गाडी मोजा

गेल्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. केज येथील आमच्या जुन्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री दोनच्या सुमारास रुग्णवाहिका येऊन थांबली. शेजारच्या वृद्ध काकांच्या छातीत दुखू लागले होते. गल्ली मुळातच अरुंद, त्यात तिची निम्म्याहून अधिक रुंदी आमच्या नव्या प्रवासी गाडीने अडविलेली. चालक गावी गेलेला आणि किल्ली दुकानाच्या गल्ल्यात. अखेर चौघांनी काकांना खाटेवर घालून रुग्णवाहिकेपर्यंत नेले. उपचार वेळेवर मिळाले आणि काका बरे होऊन घरी आले. त्यांच्या घरातील कोणीही आम्हाला एका शब्दाने दूषण दिले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी माझी आई म्हणाली, "त्या गाडीला आधी जागा करा. तोवर मी तीत बसणार नाही."

खरे तर ती गाडी आम्ही आईसाठीच घेतली होती. तिचे वय 86. सूर्यास्तापूर्वी भोजन, उकळलेले पाणी आणि घरचाच स्वयंपाक हे तिचे नियम प्रवासातही मोडत नाहीत. कुंथलगिरी, कचनेर, शिरपूर अशा यात्रांत वाटेवरच्या उपाहारगृहात तिची सोय होत नसे. म्हणून मुलाने ट्रॅव्हलर घेतली, परिवहन कार्यालयाची परवानगी काढून मागची आसने कमी केली आणि तेथे आडवे होण्यासाठी बाक व शिध्याचे कपाट बसवून घेतले. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा फिरत्या घरांची चर्चा आपल्याकडेही वाढली आहे. तथापि वर्षातील बहुतेक दिवस ही गाडी प्रवासात नव्हे, तर घरी उभी असते. त्या दिवसांचा विचार आम्ही केला नव्हता.

आपल्या वाडवडिलांनी तो केला होता. जुन्या पेठेतील व्यापाऱ्याच्या वाड्याला मोठा दरवाजा असे. मालाने भरलेली बैलगाडी थेट चौकात येई आणि बैलांना गोठा असे. पुढे वाटण्या झाल्या, चौक बुजले, गोठ्यांची दुकाने झाली. गाड्या मात्र वाढल्या आणि त्यांचे ओझे रस्त्यावर आले. रस्ता सर्वांचा असतो, त्यावर आपले अंगण मांडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तेव्हा आम्ही नव्या घराच्या शोधास लागलो. मुलाचा ओढा शहरातील सदनिकेकडे होता. एका संकुलातील घर सर्वांना पसंत पडले आणि इसार देण्याची तयारीही झाली. बँकेत असताना गृहकर्जाची अनेक प्रकरणे मी तपासली होती. त्या सवयीने खिशातून टेप काढली. आमची गाडी 6 मीटर लांब, 2.1 मीटर रुंद आणि टपावरील कॅरिअर धरून 2.9 मीटर उंच. मोटारीच्या पार्किंगची आखणी सर्वसाधारणपणे 5 मीटर बाय 2.5 मीटर असते. तेथे तर तळमजल्याच्या तुळईखाली जेमतेम 2.4 मीटर उंची भरली. म्हणजे गाडी आत शिरणेच शक्य नव्हते. "बाहेर मोकळ्या जागेत लावा, कोण विचारतो?" असे विक्री करणाऱ्या गृहस्थांनी सांगितले. करारनाम्याच्या मसुद्यात मात्र केवळ 'एक पार्किंग' एवढाच उल्लेख होता.

येथे प्रत्येक खरेदीदाराने कायदा समजून घ्यावा. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निर्णय दिला की, इमारतीखालील खांबांमधील मोकळी पार्किंगची जागा विकासकाला स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकता येत नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानेही उघड्या पार्किंगचा समावेश सामाईक क्षेत्रात केला आहे. याचा अर्थ असा की, "कोण विचारतो" या आश्वासनावर मोठी गाडी उभी केली, तर उद्या संस्थेचा कोणताही सभासद रास्तपणे विचारू शकतो. आच्छादित पार्किंगच्या बाबतीत महारेराने एप्रिल 2024 मध्ये आदेश काढला आहे. त्यानुसार पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतील नेमके स्थान यांचा तपशील वाटपपत्र व विक्री करार यांसोबत द्यावा लागतो. तो वाचल्याशिवाय सही करू नये. तोंडी शब्दाला नोंदणी कार्यालयात किंमत नसते.

सदनिकेचा विचार सोडून आम्ही केजमध्येच भूखंड पाहू लागलो. भूखंडाच्या बाबतीत अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन आणि नगरपंचायतीची बांधकाम परवानगी ही कागदपत्रे प्रथम पाहावीत. गुंठेवारीतील स्वस्त जागेत रस्ता नकाशावर नसून केवळ बोलण्यात असतो, हे मी कर्जाच्या प्रकरणांत पुष्कळदा पाहिले आहे. त्यानंतर जागेवर जाऊन पुढील गोष्टी तपासाव्यात. समोरच्या रस्त्यावरून लांब गाडी एका वळणात आत येते का? वरून विजेची तार किती उंचीवर गेली आहे? फाटक रस्त्यावर न उघडता आत उघडेल किंवा बाजूला सरकेल का? शौचालयाची टाकी गाडीच्या जागेखाली घेऊ नये, कारण नेहमीचे झाकण एवढा भार सोसत नाही. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाके रुततात, म्हणून ती माती काढून मुरूम दाबून भरावा आणि वर काँक्रीट करावे.

आता हिशेब मांडू. गाडीचे दार उघडून वृद्ध माणसाला हात धरून उतरविता यावे, यासाठी भोवती मोकळी जागा लागते. म्हणून 4 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे 32 चौरस मीटर, अर्थात सुमारे 344 चौरस फूट जागा धरावी. 30 बाय 50 फुटांच्या भूखंडाचा तो जवळजवळ चौथा हिस्सा होतो. समजा, दर चौरस फुटाला 1,500 रुपये आहे. मग ही जागा 5,16,000 रुपयांना पडली. 9 टक्के व्याजाने तिचा भार वर्षाला 46,440, म्हणजे महिन्याला 3,870 रुपये. आडतीच्या गोदामाचे कुंपण असलेले आवार याहून कमी भाड्याने मिळत असेल, तर गाडी तेथे ठेवावी आणि घर आपल्या गरजेपुरते घ्यावे. व्यापारी कुटुंबांपुढे हा पर्याय बहुधा असतोच. वर्षातून दोनदा निघणाऱ्या गाडीसाठी भूखंडाचा चौथा हिस्सा अडविणे हा परिग्रहच होय.

हा हिशेब मी घरी मांडला, तेव्हा मोठे बंधू म्हणाले, "गोदामात ठेवू, पैसे वाचतील." पण आमची गाडी आता यात्रेपुरती राहिलेली नाही. आईला तपासणीसाठी दर महिन्याला लातूरला न्यावे लागते आणि तेही पहाटे निघून. गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून आमच्यापुरता निर्णय जागा घेण्याचा झाला. त्यासाठी एक खोली कमी केली. मंदिर आता पायी जाण्याच्या अंतरावर राहिले नाही, याची रुखरुख आईला आहे आणि ती राहणारच.

पायाच्या आखणीच्या दिवशी गवंड्याने फक्की टाकली, ती प्रथम गाडीच्या जागेची. जुन्या गल्लीतले काका काठी टेकीत पाहायला आले होते. त्यांनी फाटकाची रुंदी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "रुग्णवाहिकाही येईल की हो आत!"

सध्या गाडी लातूरला गेली की त्या काँक्रीटवर आई गहू वाळत घालते. गाडी परत येण्याच्या आत ते गोळा करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.