मंडळाला शेला भगवा हवा की पिवळा? झीब्रशमध्ये रंग लेयरवर ठेवा

नांदेड-लातूरकडचे जे कारागीर आता मूर्तीचं मॉडेल आधी कॉम्प्युटरवर करून गिऱ्हाइकाला दाखवतात, त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे: "सर, मूर्ती पसंत पडते, पण रंग चार वेळा बदलायला लावतात." मंडळाचं असंच असतं. अध्यक्षांना पितांबर पिवळा पाहिजे, खजिनदाराला लाल. प्रत्येक वेळी पुन्हा रंगवत बसलात तर सीझनमध्ये मजुरी सुटत नाही.

झीब्रश (आधी पिक्सोलॉजिकचं, आता मॅक्सनकडे आहे) मध्ये ब्रशनं मारलेल्या रंगाला पॉलीपेंट म्हणतात. हा रंग कुठल्या चित्रावर नसतो, मॉडेलच्या प्रत्येक पॉइंटवर साठवलेला असतो. म्हणजे पॉइंट कमी तर रंगाची कड फाटकी. 1024 बाय 1024 च्या टेक्श्चरमध्ये साधारण साडेदहा लाख पिक्सेल असतात. तेवढी बारकाई हवी तर पॉइंटही तेवढेच लागतात. डोळ्यांची आखणी करायची असेल तर डिव्हाइड करून वरच्या लेव्हलला जा. एका डिव्हाइडला पॉलिगॉन चौपट होतात, तेव्हा आपल्या मशीनची रॅम बघूनच.

आता कामाचं. आधी अंगाचा मूळ रंग बेसवर भरून घ्या, लेयर न घेता. मग सगळ्यात वरच्या सबडिव्हिजन लेव्हलवर राहून नवा लेयर घ्या, नाव द्या "शेला भगवा". नाव द्यायचा कंटाळा करू नका, आठ लेयर झाले की कुठला कशाचा ते कळत नाही. लेयरवर आरईसी चालू आहे का बघा. ब्रशचं झेडअ‍ॅड बंद, आरजीबी चालू. हे महत्त्वाचं, कारण लेयर रंगासोबत आकारही नोंदवतो. झेडअ‍ॅड चालू राहिलं तर शेल्याचा रंग लपवताना शेल्याची घडीपण गायब होईल!

शेला सोडून बाकी सगळं मास्क करा आणि फिल ऑब्जेक्ट दाबा. मास्क केलेल्या भागावर रंग चढत नाही. आरईसी बंद, डोळा बंद. दुसरा लेयर "शेला पिवळा", तसंच पुन्हा. आता गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना एकाचा डोळा बंद, दुसऱ्याचा चालू. रंग भडक वाटला तर लेयरची इंटेन्सिटी 1 वरून 0.6 वर आणा, खालचा रंग डोकावतो.

फोटोशॉपची सवय असलेल्यांनी जरा सांभाळा, इथे मल्टिप्लाय वगैरे ब्लेंड मोड नाहीत. म्हणून एका भागाचे दोन लेयर एकदम चालू ठेवू नका. मुकुट, दागिने, पितांबर, प्रत्येकाचा लेयर वेगळा.

स्क्रीनशॉट पाठवायच्या आधी मटेरियल बघा. रेड वॅक्ससारखं रंगीत मॅटकॅप असेल तर पिवळा पिवळा दिसतच नाही, आणि मंडळ म्हणणार "तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळाच दाखवला होता." स्किनशेड4 लावा.

डायनामेश किंवा झीरिमेशर लेयर असताना वापरू नका. पॉइंटची मांडणीच बदलते, मग लेयरचा हिशेब कशाशी जुळणार? आकार आधी पक्का, रंग नंतर. अगदीच गरज पडली तर फाइलची प्रत वेगळी सेव्ह करून मग बेक ऑल.

आणि दरपत्रकात लिहा: दोन रंगसंगती कामात धरल्या, तिसरीपासून पैसे वेगळे. लेयरमुळे आपल्याला पाच मिनिटं लागतात हे गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही 😄

प्रिंटसाठी एसटीएल फाइल देणार असाल तर तिच्यात रंग जातच नाही. प्रिंट एका रंगात येते आणि रंगकाम हातानंच होतं. त्यामुळे पसंत झालेल्या रंगाचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून असे चार स्क्रीनशॉट काढून रंगाऱ्याला द्या, त्यावर मंडळाची सही घेऊन.