सॉसेजच्या आवरणातून गाळलेले रक्त

१९३८ साल. नेदरलँड्समधील ग्रोनिंगनच्या विद्यापीठ रुग्णालयात विलेम कोल्फ नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे अवघ्या चार खाटा सोपवलेल्या होत्या. त्यांतल्या एका खाटेवर बावीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन मरणपंथाला लागला होता. उलट्या थांबत नव्हत्या, दृष्टी गेली होती. काबाडकष्टाने पाठीत वाकलेली त्याची आई भेटायला आली, तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा वाचणार नाही हे तिला सांगण्याची वेळ कोल्फ यांच्यावर आली. त्यांनी ते सांगितले. मग मनाशी हिशेब मांडला: या मुलाच्या रक्तातून रोज वीस ग्रॅम युरिया बाहेर काढता आला, तर तो जगेल.

सारी कारकीर्द त्यांनी या हिशेबामागे घालवली. कृत्रिम मूत्रपिंड, कृत्रिम हृदय, शरीराच्या अवयवांना पर्याय ठरणारी यंत्रे या साऱ्यांच्या इतिहासात कोल्फ यांचे नाव येतेच, आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी ही विद्याशाखा आकाराला आली तीही त्यांच्यासारख्यांच्या खटपटीतून.

रक्त शरीराबाहेर गाळण्याची कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत जॉन एबल यांनी १९१३ मध्येच प्राण्यांवर तसा प्रयोग केला होता. रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांपासून काढलेला अर्क वापरावा लागे. कोल्फ यांच्या वेळेपर्यंत दोन गोष्टी हाताशी आल्या होत्या. एक, रक्त गोठू न देणारे हेपारिन. दुसरी, सेलोफेन. युरोपात सॉसेज, म्हणजे खिमा भरलेल्या नळ्या, करण्यासाठी सेलोफेनचे आवरण सर्रास विकले जाई. त्याची सूक्ष्म छिद्रे अशी, की युरियासारखे लहान रेणू पार होतात. रक्तपेशी आणि प्रथिने मात्र आतच राहतात. कोल्फ यांनी अशा नळीत थोडे रक्त घेतले, त्यात युरिया मिसळला आणि नळी मिठाच्या पाण्यात हलवत ठेवली. थोड्याच वेळात युरिया पाण्यात उतरला. तत्त्व सापडले, यंत्र बाकी होते.

त्यात युद्ध आले. १० मे १९४० रोजी जर्मन विमाने आकाशात दिसली तेव्हा कोल्फ एका अंत्यसंस्कारासाठी हेग शहरात होते. ते तडक तिथल्या मोठ्या रुग्णालयात गेले आणि रक्तपेढी उभारून देतो म्हणाले. एक मोटार आणि बरोबर एक सैनिक मिळाला. चार दिवसांत पेढी सुरू झाली. ग्रोनिंगनमध्ये त्यांचे ज्यू वरिष्ठ पोलाक डॅनियल्स यांनी आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. त्यांच्या जागी नाझींचा माणूस येणार हे दिसताच कोल्फ यांनी आपली तिथली नोकरी सोडली आणि काम्पेन या लहानशा गावातील रुग्णालय धरले.

हे यंत्र घडले ते अशा गावात, शत्रूच्या ताब्यातील देशात, जिथे धातूचा तुकडाही सहज मिळत नव्हता. इनॅमलची भांडी बनवणाऱ्या स्थानिक कारखान्याचे प्रमुख हेन्द्रिक बेर्क मदतीला आले. लाकडी पट्ट्यांचा एक आडवा ड्रम केला, त्याभोवती सेलोफेनची कित्येक मीटर नळी गुंडाळली आणि ड्रमचा खालचा भाग मिठाचे पाणी भरलेल्या इनॅमलच्या टबात बुडवला. ड्रम फिरू लागला की रक्त स्वतःच्या वजनाने प्रत्येक वेढ्याच्या तळाशी राही आणि वेढ्यामागून वेढा पुढे सरकत जाई. त्याला ढकलण्यासाठी वेगळ्या पंपाची गरज नव्हती. अडचण होती ती सांध्याची. ड्रम फिरतो, रुग्णाच्या हाताला लावलेली नळी मात्र स्थिर. मग दोन्ही जोडायच्या कशा, तेही एक थेंब न गळता? उत्तर फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपात सापडले. तिथेही फिरता भाग आणि स्थिर भाग पाणी न गळता जोडलेले असतात. मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर क्षण हाच वाटतो.

१७ मार्च १९४३ रोजी एकोणतीस वर्षांच्या एका मोलकरणीवर उपचार सुरू झाले. प्रत्येक वेळी तिची प्रकृती सुधारे, पण दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. बारा खेपांनंतर वापरता येईल अशी रक्तवाहिनीच उरली नाही आणि ती गेली. पुढच्या दोन वर्षांत रुग्णामागून रुग्ण दगावले. एखादा वाचला, तरी तो यंत्रामुळेच वाचला असे छातीठोकपणे सांगता येत नव्हते.

सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावा रुग्ण आला: सदुसष्ट वर्षांची एक बाई. नाझींना साथ दिली म्हणून ती कैदेत होती. गावात तिच्याबद्दल कोणाला कणव नव्हती. बेशुद्धावस्थेतील त्या बाईला सुमारे अकरा तास यंत्रावर ठेवले. तिने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आता मी नवऱ्यापासून घटस्फोट घेणार. तिने तो घेतलाही आणि आणखी काही वर्षे जगून ती दुसऱ्याच कारणाने वारली.

तिचे मूत्रपिंड तात्पुरते बंद पडले होते, म्हणून ती वाचली. यंत्राने त्याला विश्रांती दिली आणि ते पुन्हा सुरू झाले. ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली होती त्यांच्यासाठी कोल्फ यांच्याकडे उत्तर नव्हते. ते १९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी शोधले: हातातील धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची कायमची नळी. त्यामुळे दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडणे संपले.

युद्ध संपताच कोल्फ यांनी आपली यंत्रे लंडन, न्यूयॉर्क, माँट्रियल अशा ठिकाणच्या रुग्णालयांना फुकट पाठवली. पेटंट घेतले नाही. १९५० मध्ये ते अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये गेले. तिथे फळांच्या रसाच्या पत्र्याच्या डब्याभोवती नळी गुंडाळून त्यांनी एकदा वापरून टाकून देता येईल असे मूत्रपिंड बनवले. घरच्या घरी उपचार व्हावेत म्हणून कपडे धुण्याच्या मशीनच्या टबातही प्रयोग केले. १९५७ मध्ये तेत्सुझो आकुत्सू यांच्यासह त्यांनी कुत्र्याच्या छातीत कृत्रिम हृदय बसवले. कुत्रा दीड तास जगला. दीड तास म्हणजे काहीच नाही असे वाटेल. कोल्फ यांना ते पुरेसे होते.

१९६७ पासून युटा विद्यापीठात त्यांनी जैववैद्यकीय अभियांत्रिकीची संस्था उभारली. कृत्रिम हात, कृत्रिम दृष्टी, कृत्रिम हृदय यांवर तिथे एकाच वेळी काम चाले. हृदयाच्या प्रत्येक नमुन्याला तो घडवणाऱ्या सहकाऱ्याचे नाव द्यायचे, अशी त्यांची रीत होती. म्हणूनच २ डिसेंबर १९८२ रोजी शल्यविशारद विल्यम डीव्ह्रीज यांनी दंतवैद्य बार्नी क्लार्क यांच्या छातीत बसवलेल्या हृदयावर कोल्फ यांचे नाव नव्हते. ते ‘जार्विक-७’ होते, रॉबर्ट जार्विक या त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या नावाचे. क्लार्क ११२ दिवस जगले, तेही बाहेरच्या अवजड यंत्राला नळ्यांनी बांधलेले. यश की अपयश, यावर त्या वेळी बराच वाद झाला.

आज आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांतही डायलिसिसची, म्हणजे असे यंत्राने रक्त गाळण्याची, सोय असते. गरीब रुग्णांसाठी ती मोफत देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. तिथल्या खाटेजवळ दिसणारी, हातात मावेल एवढी पारदर्शक नळकांडी म्हणजे काम्पेनच्या त्या ड्रमचीच वंशज. आत सेलोफेनऐवजी हजारो केसासारखे पोकळ तंतू असतात; हेपारिन आणि क्षारांचे पाणी मात्र तेच.

कोल्फ यांना नोबेल मिळाले नाही. वयाच्या ८६ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि २००२ मध्ये स्क्रिब्नर यांच्यासह त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. ११ फेब्रुवारी २००९ रोजी ते वारले. अठ्ठ्याण्णवाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते.